आपल्या वडिलांकडून आपण बाप होणं काय शिकलो?

उंबरठा (धागाकर्ता)

मुलांची झोप, शाळा, मोबाईल, हट्ट यांवर पुष्कळ बोलून होतं. पण हे सगळं निभावणारा बाप ते कुठून शिकून येतो, यावर फारसं कुणी बोलत नाही. बहुतेक पुरुषांनी बापपणाचा एकच नमुना जवळून, वर्षानुवर्षं पाहिलेला असतो: स्वतःचे वडील. चांगला असो, वाईट असो, अर्धवट असो, रात्री दोन वाजता मूल रडायला लागलं की आपल्या हातून आधी तेच होतं जे आपण पाहिलेलं असतं. म्हणून सरळच विचारतो. वडिलांचं तुम्ही काय ठेवलंत, काय सोडलंत, आणि काय दुरुस्त करून वापरताय?

माझ्यापासून सुरुवात करतो. बाबा कमी बोलायचे, पण विचारलेल्याला उत्तर द्यायचे. लगेच ठरवता आलं नाही तर ‘रविवारी सांगतो’ म्हणायचे, आणि आम्ही विसरलो असलो तरी रविवारी स्वतःहून विषय काढायचे. बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असायचं. तरी राग टिकायचा नाही, कारण आपली मागणी त्यांनी मधले सगळे दिवस डोक्यात वागवली होती हे कळायचं. मी हे जसंच्या तसं ठेवलंय. मुलाला ‘नाही’ पचतं, लोंबकळत ठेवलेलं पचत नाही.

दुसरं म्हणजे ते काही दुरुस्त करायला बसले की आम्हाला शेजारी बसवून घ्यायचे आणि खरं काम द्यायचे. खेळण्यातला हातोडा देऊन बाजूला बसवणं नव्हतं. ‘हे घट्ट धर, तू सोडलंस तर पडेल’ असं सांगायचे. कामाला दुप्पट वेळ लागायचा, त्याची त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

सोडलं काय? त्यांचा अबोला. कामावर काही बिनसलं असेल तर ते सांगायचे नाहीत. दाराची कडी कशी लागली यावरून आज बोलायचं की नाही हे आम्ही ठरवायचो. कारण माहीत नसलं की मूल ते स्वतःतच शोधतं. ‘माझं काही चुकलं का?’ हा प्रश्न मी कितीतरी संध्याकाळी मनात घेऊन बसलोय. आता मी माझ्या मुलीला सांगून टाकतो, ‘आज माझं डोकं कामात अडकलंय, तुझ्यावर रागावलेलो नाही.’ ती लगेच खेळायला लागते. एवढंच हवं असतं.

तुमचं लिहा. सगळं गोडच लिहायला हवं असं अजिबात नाही.

पाणंद

छान धागा. मी मुलगी आहे, तेव्हा बाप व्हायचा प्रश्न नाही, पण बाप कसा असावा हे मीही वडिलांकडूनच शिकले आणि आता नवऱ्याकडे, मुलाकडे त्याच नजरेने बघते.

अण्णांशी मी खूप वाद घालायचे. आवाज चढला की ते थांबायचे आणि म्हणायचे, ‘तुझं म्हणणं पुन्हा एकदा सांग, मला नीट कळलं नाही.’ दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज आपोआप खाली यायचा आणि मुद्दा नीट मांडावा लागायचा. काही वेळा ते माझ्या बाजूने वळायचे. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला पटवता येतं, हा अनुभव मला दहाव्या-बाराव्या वर्षी मिळाला. पुढे कामाच्या ठिकाणी वरिष्ठांसमोर तोंड उघडताना मला भीती वाटली नाही, त्याचं मूळ तिथे आहे असं मी मनापासून मानते.

आणखी एक. आईशी त्यांचे मतभेद व्हायचे, आमच्यासमोरही व्हायचे. पण आई खोलीत नसताना त्यांनी तिच्याबद्दल आमच्याकडे कधीही तक्रार केली नाही. मुलाला साक्षीदार करायचं नाही, हा धडा मला सगळ्यात मोठा वाटतो.

चौकट

पाणंद यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. आमच्याकडे उलट होतं. दोघांच्या मध्ये उभं राहून वाढलो. अजूनही कुणी भांडलं की मी आधी दोघांचे चेहरे बघतो.

रात्रपाळी

हे सगळं वाचून बरं वाटलं आणि त्रासही झाला. सगळ्यांचे वडील इतके समजूतदार कसे?

माझे वडील दारू प्यायचे आणि मारायचे. आता ते नाहीत. मी ठरवलं होतं की आपण हात उचलायचा नाही, आणि ते पाळलंय. पण एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. ‘त्यांच्या उलट वागायचं’ एवढं ठरवून पुरत नाही. मूल जमिनीवर लोळून किंचाळतंय, लोक बघतायत, आणि माझ्या डोक्यात त्या प्रसंगाचं एकच चित्र आहे. ते वापरायचं नाही हे पक्कं आहे. मग काय करायचं? त्याचं चित्रच नाही. आत नुसती रिकामी जागा.

ती मी दुसऱ्यांकडून भरली. माझ्या एका शिक्षकांच्या घरी जाणं-येणं होतं. त्यांचा मुलगा रडला की ते जमिनीवर बसायचे, त्याच्या उंचीला यायचे, आणि गप्प राहायचे. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा असेन, पण ते दृश्य लक्षात राहिलं. ज्यांना वडिलांकडून काही घेण्यासारखं मिळालं नाही त्यांना माझं सांगणं आहे: उसनं घ्या. काका, मामा, शिक्षक, मित्राचे वडील, कुणाचंही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ओंजळ

रात्रपाळी, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, आणि तुमच्या प्रतिसादाशी थेट जोडलेलं एक संशोधन आहे.

१९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांच्या दीर्घ मुलाखती घेण्याची एक पद्धत विकसित केली. त्यात विचारतात की लहानपणच्या तुमच्या आईशी असलेल्या नात्याचं वर्णन करणारी पाच विशेषणं सांगा, मग तसंच वडिलांबद्दल, आणि प्रत्येक विशेषणाला आधार देणारी एखादी आठवण सांगा. इथे गंमत घडते. कुणी ‘प्रेमळ’ म्हणतो आणि आठवण एकही देऊ शकत नाही. कुणी अजून इतक्या रागात असतो की प्रश्न बाजूला राहतो आणि जुनं भांडण पुन्हा सुरू होतं. आणि कुणी अतिशय वाईट बालपण सांगतो, पण सुसंगत सांगतो: काय झालं, मला काय वाटलं, आज मी त्याकडे कसं बघतो. या तिसऱ्या प्रकारच्या पालकांची मुलं त्यांच्याशी सुरक्षितपणे जोडलेली, म्हणजे घाबरल्यावर किंवा दुखावल्यावर विश्वासाने त्यांच्याकडे येणारी, असण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे बालपण कसं गेलं यापेक्षा त्याची गोष्ट आपण आज कशी सांगू शकतो, याचा मुलाशी असलेल्या नात्याशी अधिक जवळचा संबंध निघाला.

१९९५ मध्ये मारिनुस व्हान आयझेनडोर्न या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुमारे ७५ टक्के जोड्यांमध्ये पालकाचं (मुलाखतीवरून) आणि मुलाचं (पालकाशी असलेल्या नात्यावरून) ‘सुरक्षित’ की ‘असुरक्षित’ हे वर्गीकरण जुळलं. वडिलांच्या बाबतीत हा संबंध आईइतका ठळक नव्हता, हेही सांगायला हवं. पण दिशा तीच होती. म्हणून वर ‘सगळं गोडच लिहायला हवं असं नाही’ असं म्हटलंय ते फार मोलाचं आहे. वडिलांना देव करून ठेवणं आणि त्यांचं नावच न काढणं, दोन्हींमुळे गोष्ट अर्धवट राहते.

पारावरचा

मी इथला वयाने मोठा सभासद, त्यामुळे थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या दादांचा धाक होता. समोर उभं राहायची टाप नव्हती. पण त्या धाकामुळेच आम्ही चारही भावंडं सरळ राहिलो. आज प्रत्येक गोष्ट मुलांना समजावून सांगत बसतात, त्यातून मुलांना नकार ऐकायची सवय राहत नाही. मारहाणीचं समर्थन मी करत नाही, पण धाक ही वाईट गोष्ट आहे हे मला मान्य नाही.

उंबरठा

पारावरचा, तुमचा मान ठेवून लिहितो. नकार ऐकायची सवय हवी, यात दुमत नाही. पण एक विचारतो. बाहेर कुठे अडचणीत सापडलात, चूक तुमचीच होती, तेव्हा पहिल्यांदा दादांकडे गेला होता का? माझ्या मते बापाची परीक्षा तिथे असते. मूल सरळ वागत असताना बाप लागतोच किती? वाकडं पाऊल पडलं की लागतो. ज्याचा धाक असतो त्याला मूल ती गोष्ट सगळ्यात शेवटी सांगतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. माझ्या मुलीने मोठेपणी काही बिघडवलं तर तिने पहिला फोन मला करावा, एवढ्या एका कसोटीवर मी स्वतःला तपासत असतो.

पारावरचा

प्रश्न वर्मी लागला. नाही, दादांकडे गेलो नाही. थोरल्या भावाकडे गेलो, आणि त्याने ते दादांपासून लपवायला मदत केली.

पण मग मी स्वतःला विचारलं की दादांबद्दल मला आदर का वाटतो? नुसती भीती असती तर ते गेल्यावर संपली असती. विचार केल्यावर लक्षात आलं की जो नियम आम्हाला, तोच त्यांना होता. आम्ही खोटं बोललो की शिक्षा, पण ते स्वतः नुकसान सोसूनही खोटं बोलले नाहीत. दारात नको असलेला माणूस आला तर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, स्वतः जाऊन भेटायचे. बहुधा आम्ही सरळ राहिलो ते यामुळे. श्रेय मी धाकाला देत आलो. हे इथे लिहिताना पहिल्यांदा वेगळं करून बघितलं.

अनामिक वाटसरू

वरचा प्रतिसाद फार आवडला.

मी तीन वर्षांचा असताना वडील गेले. मला त्यांचा चेहरा फोटोतलाच माहीत आहे. लोक भेटले की सांगायचे, तुझे वडील म्हणजे साक्षात सज्जन माणूस, कुणाला दुखावलं नाही, कुणाला नाही म्हटलं नाही. हे ऐकत वाढलेल्या मुलाचं काय होतं ते सांगतो. त्या माणसाशी नातं जोडता येत नाही. तो इतका निर्दोष की त्याच्यासमोर आपण कायम कमीच.

मी तिशीत असताना त्यांचे एक जुने सहकारी भेटले. ते हसत म्हणाले, तुझा बाप वेळेवर कधी आला नाही, गाडी चुकवण्यात पटाईत, आणि गाणं आलं नाही तरी मोठ्याने म्हणायचा. त्या दिवशी मला वडील मिळाले, असं मी म्हणतो. मलाही वेळ पाळता येत नाही.

आता मला मुलगा आहे. त्याला मी माझ्याबद्दल खऱ्या, बारीक गोष्टी सांगतो: कशाची भीती वाटायची, शाळेत कुठे नापास झालो, कोणता मित्र दुरावला आणि का. आपण किती दिवस असू हे कुणालाच माहीत नसतं. मागे पुतळा राहण्यापेक्षा माणूस राहावा. ज्यांच्या ओळखीत कुणी असं लवकर गेलं असेल त्यांनी त्या मुलांना त्यांच्या वडिलांच्या किरकोळ सवयी जरूर सांगाव्यात. थोरवी सांगणारे पुष्कळ असतात.

सावळी

माझे वडील सावत्र. मी नऊ वर्षांची असताना ते आमच्या घरात आले. त्यांनी ‘मला बाबा म्हण’ असं एकदाही सांगितलं नाही. मी त्यांना काका म्हणायचे. पालकसभेला यायचे तेव्हा कुणी विचारलं तर ‘मी तिच्या घरचा’ एवढंच सांगायचे. कॉलेजात असताना एकदा तोंडातून बाबा निघून गेलं. त्यांनी त्याचा गवगवा केला नाही, नेहमीसारखं उत्तर दिलं आणि पुढे बोलत राहिले. घाई न करणं हीसुद्धा मायाच असते, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तिसरा प्रहर

एक वेगळी गोष्ट मांडतो, पटते का बघा. माझ्या वडिलांनी मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. तेच वडील आज माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरतात, त्याच्यासाठी घोडा होतात, त्याच्या प्रत्येक चित्राचं कौतुक करतात. बघून आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात तुटतं. हे मला का नाही मिळालं?

बरेच दिवस मनात ठेवलं. शेवटी एकदा विचारलं, भांडणाच्या सुरात नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तेव्हा घरात माझे वडील होते. त्यांच्यासमोर स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायचं नसतं असं होतं. मग सवयच राहिली नाही.’ म्हणजे त्यांच्याही मागे कुणीतरी उभं होतं. तुटणं पूर्ण थांबलं नाही, पण त्याचा रोख त्यांच्यावरून हटला.

ओंजळ

तिसरा प्रहर, हे फार घरांत आहे. पुरुष मुळातच कोरडा असतो हा समज किती पोकळ आहे, ते बॅरी ह्युलेट या मानववंशशास्त्रज्ञाच्या कामातून दिसतं. मध्य आफ्रिकेतल्या जंगलात राहणाऱ्या अका समाजात बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाला घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतात. रडणाऱ्या बाळाला शांत करायला तोंडी स्वतःचं स्तनाग्रही देतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वडिलांनी जवळ घ्यायचं नसतं, हा कुठल्यातरी काळातल्या घरांचा नियम होता. शरीराचा नव्हे.

नवीन पालवी

मी हा धागा गेले काही दिवस नुसता वाचतोय. आम्हाला लवकरच बाळ होणार आहे. माझे वडील कामानिमित्त कायम बाहेरगावी असायचे, दोन-तीन महिन्यांनी यायचे. माणूस चांगला, पण त्यांना बाप म्हणून रोजच्या रोज काही करताना मी पाहिलेलंच नाही. सगळे म्हणतात, बाळ हातात घेतलं की आपोआप माया दाटून येते. मला नाही आली तर?

ओंजळ

न येण्याची शक्यता आहे, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. पुष्कळ बापांना पहिल्या दिवशी जबाबदारीची धास्ती जाणवते, ओढ नंतर येते. ती येते करण्यातून. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुण पुरुषांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाप झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) लक्षणीय उतरलं होतं, आणि जे रोज तीन किंवा अधिक तास मुलाचं करत होते त्यांच्यात ते सर्वात कमी होतं. रूथ फेल्डमन यांच्या संशोधक गटाला असंही दिसलं की बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत आईप्रमाणे बापातही ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक) वाढतं, आणि बाळाशी खेळण्या-हाताळण्याशी त्याचा संबंध असतो. तेव्हा पहिल्या आठवड्यापासून लंगोट बदलणं, अंघोळ, रात्रीचं उठणं यांतलं काहीतरी पूर्णपणे तुमचं ठेवा. ‘मदत’ म्हणून करू नका. ते काम तुमचंच असू द्या.

आणि एक गंभीर गोष्ट. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापालाही येतं. २०१० मध्ये पॉलसन आणि बेझमोर या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा हे प्रमाण सुमारे १० टक्के निघालं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वाधिक. पुरुषांत ते कधी कधी रडण्यापेक्षा चिडचिडीत, कामात बुडून राहण्यात किंवा घराबाहेर वेळ काढण्यात दिसतं. तसं काही आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जा, सहन करत बसू नका.

उंबरठा

नवीन पालवी, अभिनंदन! आणखी एक सुचवतो. वडील आहेत ना? त्यांना फोन करून विचारा की मी झालो तेव्हा तुम्ही कुठे होता, पहिल्यांदा घेतलंत तेव्हा काय वाटलं, लांब असताना आमची कशाची आठवण यायची. लांब राहणाऱ्या बापांकडे सांगण्यासारखं खूप असतं, त्यांना कुणी विचारत नाही.

नवीन पालवी

केला फोन. सुरुवातीला ‘काय आता ते’ म्हणून टाळलं. मग आईकडून फोन परत घेऊन सांगितलं की मी जन्मलो ते त्यांना पत्राने कळलं होतं, आणि ते पत्र अजून त्यांच्या कपाटात आहे. हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी घरी गेलो की दाखवणार आहेत.

रात्रपाळी, तुम्हाला एक विचारायचं होतं. ते जमिनीवर लोळणारं मूल. प्रत्यक्षात तुम्ही काय करता?

रात्रपाळी

आधी स्वतःचे हात बघतो. मुठी वळल्या असतील तर उघडतो. हे मला करावंच लागतं, कारण मुठी कुठून आल्यात ते मला माहीत आहे. मग त्याच्या शेजारी खाली बसतो, डोकं आपटणार नाही एवढं बघतो. लोकांकडे बघत नाही. त्या वेळी समजावत नाही, कारण किंचाळणाऱ्या मुलाला शब्द पोचत नाहीत. एकच वाक्य हळू आवाजात म्हणतो, ‘मी इथेच आहे.’ जे नाकारलं ते नाकारलेलंच ठेवतो, त्यावर माघार घेत नाही. रडणं ओसरलं की तो स्वतःच जवळ सरकतो, तेव्हा घेतो. काय झालं, काय हवं होतं, हे घरी आल्यावर बोलतो, लगेच नाही. कधी पाच मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. अर्धा तास लागणार असं धरूनच बसायचं.

आणि तुमची बायको जवळ असेल तर आधीच ठरवून ठेवा की एका वेळी एकानेच बोलायचं. दोघे बोलायला लागले की मुलाला काहीच ऐकू येत नाही.